१५व्या वर्षी जपानकडून, ३२व्या वर्षी वर्ल्ड कप : होमारे सावा

मीरा_कोलशेत

इथे पुरुषांच्या फुटबॉलवर मेस्सी की रोनाल्डो म्हटलं की रात्रभर धागा पळतो, म्हणून म्हटलं आज बायकांच्या फुटबॉलवर लिहायचंच. तेही माझ्या सगळ्यात आवडत्या खेळाडूवर.

आधी कारण सांगते. माझी लेक घोडबंदर रोडच्या एका टर्फवर खेळते, मी जाळीबाहेर बसते, आणि पालकांचं बोलणं वर्षानुवर्षं एकच, "नववीपर्यंत खेळू दे, पुढे दहावीचं वर्ष". मुलांच्या बाबतीत हेच पालक "बघू पुढे" म्हणतात, मुलींच्या बाबतीत मात्र थांबायची तारीख आधीच ठरलेली असते. मला हे पटत नाही. आणि का पटत नाही ते सांगायला सावाच्या करिअरपेक्षा चांगलं उदाहरण मला तरी माहीत नाही, कारण तिच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं वर्ष देशासाठी पहिली मॅच खेळल्यानंतर साडेसतरा वर्षांनी आलं.

होमारे सावा, जन्म ६ सप्टेंबर १९७८, टोकियोतलं फुचू. भाऊ खेळायचा म्हणून ही पण मैदानावर जायला लागली आणि शाळकरी वयात मुलांच्याच क्लबमध्ये मुलांबरोबर खेळली. १९९१ला योमिउरी बेलेझा या क्लबमध्ये आली आणि १२ वर्षांची असताना जपानच्या महिला लीगमध्ये उतरली, म्हणजे आपल्याकडच्या सातवीच्या मुलीने मोठ्या बायकांच्या अंगाला अंग लावून बॉल काढायचा! डिसेंबर १९९३ला, १५व्या वर्षी, जपानकडून पहिली मॅच फिलिपिन्सविरुद्ध, त्यात ४ गोल.

इथवर वाचून वाटेल की ही बालपणापासूनच स्टार, हिला काय अडचण. पण पुढची वर्षं बघा. १९९५चा वर्ल्ड कप ती १६व्या वर्षी खेळली. १९९६ला ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा महिला फुटबॉल आलं, त्यात जपान तिन्ही मॅच हरून परत. १९९९च्या वर्ल्ड कपमध्ये जपान ग्रुपमध्येच गारद आणि त्यामुळे २०००च्या सिडनी ऑलिंपिकलाही जाता आलं नाही. त्याच सुमारास जपानची अर्थव्यवस्था घसरलेली, महिला लीगच्या टीम चालवणाऱ्या कंपन्यांनी एकामागून एक हात काढून घेतले. ती २०-२१ वर्षांची. हातात एकही मोठं पदक नाही, घरच्या लीगचा भरवसा नाही.

तेव्हा तिने युनिव्हर्सिटी सोडली आणि अमेरिका गाठली. आधी डेन्व्हर, मग २००१ला तिथे बायकांची व्यावसायिक लीग सुरू झाली तेव्हा अटलांटा बीट. चांगली खेळली, नाव झालं, टीम २००३ला फायनलला पोचली. आणि त्याच सप्टेंबरमध्ये, वर्ल्ड कप तोंडावर असताना, पैशाअभावी ती लीगच बंद! पुन्हा जपान, पुन्हा बेलेझा.

मला सगळ्यात जास्त २००४ची मॅच आवडते. अथेन्स ऑलिंपिकची पात्रता फेरी, टोकियोचं नॅशनल स्टेडियम, समोर उत्तर कोरिया, जिच्याविरुद्ध जपान कित्येक वर्षं जिंकलेलं नव्हतं. हरलो तर सिडनीसारखंच परत घरी बसायचं आणि देशातलं महिला फुटबॉल अजून मागे जाणार हे सगळ्या पोरींना माहीत होतं. सावाच्या गुडघ्याला दुखापत, तरी वेदनाशामक घेऊन उतरली आणि सुरुवातीलाच असा काही भिडून बॉल काढला की पूर्ण टीम उठली. ३-०. या मॅचमध्ये तिचा गोल नाही, तरी जपानमध्ये आजही ही मॅच तिच्या नावाने सांगतात.

२००८, बीजिंग ऑलिंपिक, ब्राँझची मॅच जर्मनीशी. त्याआधी तिने सहकाऱ्यांना सांगितलं की खूप दमलात, जमत नाहीये असं वाटलं, तर माझ्या पाठीकडे बघा. मॅच हरले, चौथा नंबर. पदक नाहीच. म्हणजे ३०व्या वर्षापर्यंत चार वर्ल्ड कप, तीन ऑलिंपिक, आणि मोठ्या स्पर्धेचं पदक शून्य. आपल्याकडे कोणीही म्हटलं असतं की झालं आता, लग्न कर, सेटल हो.

मग २०११.

११ मार्चला भूकंप आणि त्सुनामी, फुकुशिमाचा अणुप्रकल्प. तो प्रकल्प चालवणाऱ्या वीजकंपनीची स्वतःची महिला टीम होती, ती थांबवली गेली. जूनच्या शेवटी जर्मनीत वर्ल्ड कप. मेक्सिकोविरुद्ध सावाची हॅटट्रिक, मग इंग्लंडकडून ०-२ हार, त्यामुळे क्वार्टर फायनलला थेट जर्मनी समोर, यजमान आणि लागोपाठ दोन वेळचे विश्वविजेते. मॅचच्या आधी कोच नोरिओ सासाकींनी पोरींना त्सुनामीचे फोटो दाखवले. १०८व्या मिनिटाला सावाने बचावफळीच्या डोक्यावरून टाकलेल्या बॉलवर कारिना मारुयामा पळाली आणि गोल. ही मारुयामा पूर्वी त्याच वीजकंपनीच्या टीममधून खेळायची. सेमीफायनलला स्वीडन ३-१, त्यात सावाचा एक. आणि फायनलला अमेरिका, ज्यांना जपानने तोपर्यंत एकदाही हरवलेलं नव्हतं.

पुढचं सगळ्यांना माहीत असेल, नसेल तर खाली लिहीनच. कप जपानचा, स्पर्धेत सर्वाधिक ५ गोल सावाचे, सर्वोत्तम खेळाडूचा गोल्डन बॉलही तिलाच, वय ३२. सिनियर फुटबॉल वर्ल्ड कप जिंकणारी ती आशियातली पहिली टीम, आणि पुरुषांना तर अजून जमलेलं नाही.

आता मला सांगा, १५-१६ला कुठल्या पालकाला किंवा कोचला कळणार आहे की पोरीचं शिखर १७ वर्षांनी येणार आहे?

---

जयंत_वाशी

मीराताई, धागा वाचून अंगावर काटा आला. ती फायनल मी लाइव्ह बघितली आहे, आपल्याकडे रात्री सव्वाबाराला सुरू झाली, सोमवारी सकाळी ऑफिस तरी बसलो. घरचे झोपलेले म्हणून आवाज बंद करून बघत होतो.

पहिला अर्धा तास अमेरिकेने नुसता मारा केला होता, जपान तेव्हाच दोन-तीन गोलने मागे पडायला हवं होतं. ६९व्या मिनिटाला अ‍ॅलेक्स मॉर्गन १-०, ८१ला मियामाने बरोबरी केली. एक्स्ट्रा टाइममध्ये १०४ला वॉम्बॅकचं हेडर, २-१. मला वाटलं संपलं. ११७व्या मिनिटाला मियामाचा कॉर्नर आणि सावा कुठून आली कळलंच नाही, बॉल आत! मी खुर्चीवरून उठून उभा राहिलो होतो.

पेनल्टीमध्ये जपानची गोलकीपर काइहोरीने पहिलीच अडवली, लॉइडची वरून गेली, शेवटची कुमागाईने मारली, ३-१. आणि एक गोष्ट लिहायची राहिली तुमची, वॉम्बॅक आणि सावा त्याआधी वॉशिंग्टन फ्रीडममध्ये एकाच टीममध्ये होत्या. २००९ला अमेरिकेत परत लीग सुरू झाली तेव्हा सावा तिथे दोन सीझन खेळून आलेली. म्हणजे समोरची पोरगी हवेत किती उंच जाते हे तिला सरावातून माहीत होतं.

---

शर्वरी_सानपाडा

खूप छान लिहिलंय. एक प्रश्न आहे, खोचक नाही, खरंच विचारतेय. या बायका पोट कसं भरायच्या? कारण माझ्या बहिणीचं कबड्डी इथेच थांबलं, घरचे वाईट नव्हते, पण बसभाडं, बूट, खाणं यातच सगळं जायचं आणि परत काही येत नव्हतं.

---

मीरा_कोलशेत

@शर्वरी, अगदी बरोबर प्रश्न. जपानच्या लीगमध्ये बहुतेक मुली दिवसा नोकरी करायच्या, कोणी कंपनीच्या ऑफिसात, कोणी दुकानात, आणि संध्याकाळी सराव. पूर्ण वेळ पगारावर खेळणाऱ्या अगदी मोजक्या, त्यात सावा. पण तिचंही सुरक्षित नव्हतंच. वर्ल्ड कपच्याच वर्षी, २०११च्या सुरुवातीला, बेलेझाकडे पैसे कमी पडले आणि त्यांना व्यावसायिक करारावरच्या मुली ठेवणं परवडेना, म्हणून सावा आणि अजून काही जणी आयनॅक कोबेला गेल्या. म्हणजे जुलैमध्ये जगातली सर्वोत्तम ठरलेली बाई जानेवारीत क्लब बदलत होती, तेही पैशाच्या कारणाने. १२व्या वर्षापासूनचं माहेर होतं ते तिचं.

वर्ल्ड कपनंतर चित्र पालटलं, लीगच्या मॅचेसना गर्दी व्हायला लागली, त्या टीमला सरकारने राष्ट्रीय सन्मान पुरस्कार दिला जो आधी फक्त व्यक्तींना मिळायचा. पूर्ण व्यावसायिक महिला लीग मात्र तिथे २०२१ला आली, सावा निवृत्त झाल्यावर जवळपास सहा वर्षांनी.

---

कोपरीचे_दादा

लेख आवडला, पण एक वडील म्हणून बोलतो, राग मानू नका. माझी मुलगी सुद्धा खेळायची आणि दहावीत मीच बंद केलं. जपानमध्ये लीग पडत-झडत का होईना, पण १९८९पासून होती. आपल्या मुलीने दहावीनंतर खेळायचं म्हटलं तर ठाण्यात तिला खेळायला टीम कुठली? क्लासची फी आम्ही भरतो, कॉलेजची सीट मार्कांवर मिळते. सावा एक झाली, तिच्या मागे थांबलेल्या हजार असतील, त्यांच्यावर कोणी धागा काढत नाही. पालकांना दोष देणं सोपं आहे.

---

मीरा_कोलशेत

दादा, राग कसला, तुमचं म्हणणं मी रोज ऐकते आणि त्यात खोटं काही नाही. टीम नाहीत हे खरंच आहे. माझं म्हणणं फक्त एवढंच आहे की बंद आणि कमी यात फरक आहे. आठवड्याला चार दिवसांचे दोन दिवस करा, परीक्षेआधी दोन महिने पूर्ण सुट्टी द्या, पण पोरीला "संपलं" म्हणू नका. माझ्या पाहण्यातल्या ज्या मुली दहावीत पूर्ण थांबल्या त्यातली एकही अकरावीत परत आली नाही, आणि ज्यांनी कमी केलं त्या आल्या. मार्कांचंही फार काही बिघडलं नाही.

---

प्रशिक्षक_खारघर

मी खारघर-कामोठे भागात मुलांना आणि मुलींना शिकवतो. दादांचं आणि मीराताईंचं दोघांचं पटतं.

खरी परिस्थिती सांगतो. डीएसओच्या, म्हणजे जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या, मॅचेस आल्या की शाळा धावपळ करून मुलींची टीम उभी करतात. अकरा जणी जमत नाहीत म्हणून खो-खोच्या, अ‍ॅथलेटिक्सच्या मुली बूट घालून उभ्या करतात. जिल्हा, विभाग जिंकला की दहावीला ग्रेस मार्क मिळतात, ते मिळाले की बूट घरात. सुब्रतो कपला, म्हणजे शाळांच्या देशपातळीवरच्या फुटबॉल स्पर्धेला, मुलींचा १७ खालचा गट आहे, पण त्याची तयारी वर्षभर करणाऱ्या शाळा हाताच्या बोटांवर. एका शाळेत तर मुलींना मैदान फक्त मुलांचा सराव संपल्यावर, अंधार पडताना मिळायचं. मी भांडलो, वेळ बदलून घेतली.

दुसरं, सावा मुलांबरोबर खेळली हे फार महत्त्वाचं आहे. मी ११-१२ वर्षांपर्यंत मुलं-मुली एकत्रच खेळवतो. मुलांबरोबर खेळलेली मुलगी बॉल येण्याआधी मान वळवून बघते, कारण तिला माहीत असतं मागून धक्का येणार आहे. सावाच्या मॅचेस बघा, पूर्ण खेळ त्याच्यावर उभा आहे. उंची साधारण पाच फूट पाच इंच, वेग अफाट नाही, पण बॉल कुठे पडणार हे तिला समोरचीपेक्षा आधी कळायचं. मिडफिल्डला ही नजर वयाबरोबर वाढत जाते. म्हणून तर ती ३२ला शिखरावर होती, निव्वळ वेगावर खेळणाऱ्या स्ट्रायकरला हे जमणं फार कठीण.

जयंत म्हणाले कुठून आली कळलंच नाही, तो गोल मी मुलींना मोबाइलवर थांबवून थांबवून दाखवतो. मियामाचा कॉर्नर डावीकडून, सावा गर्दीतून निघून पहिल्या पोस्टकडे धावते, गोलला जवळजवळ पाठ, आणि उजव्या पायाच्या बाहेरच्या बाजूने बॉल मागच्या मागे वळवते. अमेरिकेची गोलकीपर होप सोलोला काही करता येत नाही. डोक्याने जिंकता येणार नाही इतक्या उंच मुली मध्ये उभ्या होत्या, म्हणून ती तिथे थांबलीच नाही. ११७व्या मिनिटाला पाय उचलत नाहीत, तेव्हा एवढा विचार करणं, कमाल आहे.

---

सीवूड्स_अनघा

बेंबेम देवींचं नाव इथे यायलाच हवं. आपल्याच देशात जवळजवळ हीच गोष्ट आहे. ओईनाम बेंबेम देवी, इंफाळ, जन्म १९८०. १९९५ला १५व्या वर्षीच भारताकडून पहिली मॅच, म्हणजे सावाच्याच वयाला. २०१६पर्यंत खेळल्या, भारताच्या कॅप्टन होत्या, मालदीवच्या क्लबकडूनही खेळल्या. अर्जुन पुरस्कार २०१७ला आणि पद्मश्री २०२०ला, पद्मश्री मिळालेल्या त्या पहिल्या महिला फुटबॉलपटू. १५व्या वर्षी सुरुवात आणि अर्जुन मिळाला निवृत्तीनंतर! आमच्या सोसायटीत विचारलं तर एकालाही नाव माहीत नव्हतं.

आणि आपल्या दारात काय काय होऊन गेलं ते पण बघा. २०२२च्या जानेवारीत महिलांचा आशिया कप, नेरुळच्या डी. वाय. पाटीलला भारत-इराण ०-०, आणि पुढच्या मॅचआधी आपल्या टीममध्ये कोविड पसरला, स्पर्धेतूनच बाहेर. त्या पोरींचं मला आजही वाईट वाटतं, घरच्या मैदानावर खेळून वर्ल्ड कपला पात्र व्हायची संधी होती. जपान तेव्हा पुण्याला खेळलं, सेमीफायनलला चीनकडून पेनल्टीवर हरलं. मग ऑक्टोबरमध्ये मुलींच्या १७ खालच्या वर्ल्ड कपची फायनल परत नेरुळलाच, स्पेन १-० कोलंबिया. मी माझ्या भाचीला घेऊन गेले होते, ती तेव्हापासून गोलकीपर व्हायचं म्हणते.

२०२५च्या जुलैमध्ये आपल्या मुलींनी थायलंडला त्यांच्याच देशात २-१ हरवून २०२६चा आशिया कप गाठला, तेही पहिल्यांदाच पात्रता फेरी जिंकून. ग्रुप कोणाबरोबर आला तर जपान.

---

रिया_ऐरोली

मी सहसा फक्त वाचते. मी अकरावीत आहे. दहावीत माझं बंद केलं होतं, आता परत सुरू केलंय पण स्टॅमिना पूर्ण गेलाय, माझ्याहून लहान मुली मागे टाकून जातात आणि रडायला येतं. सावा कधी मोठी दुखापत किंवा आजारपण होऊन परत आली होती का?

---

मीरा_कोलशेत

रिया बाळा, हो, आणि ती गोष्ट कमी लोकांना माहीत आहे.

२०१२च्या जानेवारीत तिला फिफाचा वर्षातल्या सर्वोत्तम महिला खेळाडूचा पुरस्कार मिळाला. त्याआधी सलग पाच वर्षं तो ब्राझीलच्या मार्ताकडे होता. सावा किमोनो घालून स्टेजवर गेली होती, फोटो शोधून बघ, फार सुंदर दिसते. आणि त्यानंतर दोनच महिन्यांनी पोर्तुगालच्या स्पर्धेत तिला चक्कर यायला लागली, कानाच्या आतल्या तोल सांभाळणाऱ्या भागाचा त्रास, डोकं वळवलं की जग फिरायचं. फुटबॉलपटूला डोकं न वळवता कसं खेळता येईल? वरचे सर म्हणाले तशी जिची पूर्ण ताकद मान वळवून बघण्यात आहे, तिलाच हे व्हावं. काही काळ खेळ पूर्ण थांबला, मग हळूहळू सराव. ऑगस्टमध्ये लंडन ऑलिंपिकची फायनल वेम्बलीवर ८० हजारांसमोर खेळली, अमेरिकेकडून १-२ हरली, पण रौप्य. ऑलिंपिकमधलं तिचं पहिलं पदक, वय ३३.

तू वर्षभर खेळली नाहीस, स्टॅमिना दोन-तीन महिन्यांत येईल. लहान मुली पुढे जातायत तर जाऊ देत. तू बॉल कुठे पडणार ते बघायला शिक.

---

जयंत_वाशी

आणि निवृत्ती! २०१५च्या कॅनडा वर्ल्ड कपला ती ३६ वर्षांची होती, तो तिचा सहावा. ब्राझीलच्या फोर्मिगाचाही तो सहावाच, तोवर सहा वर्ल्ड कप दुसऱ्या कोणी खेळलं नव्हतं. फायनलला पुन्हा अमेरिका, यावेळी २-५ असे सपाटून हरले, ती बेंचवरून पहिल्या हाफमध्येच आली. डिसेंबरमध्ये जाहीर केलं की थांबतेय. जपानकडून २०५ मॅच, ८३ गोल, मिडफिल्डरचे!

शेवटची मॅच २७ डिसेंबर २०१५, जपानमधल्या महिला क्लबांच्या एम्प्रेस कपची फायनल, तिचं कोबे विरुद्ध निगाता. ७८व्या मिनिटापर्यंत ०-० आणि मग कॉर्नरवर सावाचं हेडर, १-०, कप. करिअरची शेवटची मॅच आणि जिंकून देणारा एकमेव गोल तिचा. वय ३७.

---

कोपरीचे_दादा

सगळं वाचलं, परत परत वाचलं. पैशाचं आणि टीमचं माझं मत बदललेलं नाही, ते महापालिकेने आणि शाळांनी करायचं काम आहे आणि ते होत नाहीये. मुलींसाठी मैदानाच्या वेळा राखून ठेवा एवढी साधी मागणी आहे, ठाण्यात सगळ्या पालकांनी मिळून निवेदन द्यायचं असेल तर माझी सही धरा, चार लोकांना मी घेऊन येतो.

मुलगी आता बारावीत आहे, सायन्स. काल तिला जयंतरावांनी लिहिलेला शेवटच्या मॅचचा परिच्छेद वाचून दाखवला. ती म्हणाली बूट लहान झाले असतील. खारघरचे सर, रविवारी मोठ्या मुलींची बॅच असते का, आणि कोपरीहून ठाणे-पनवेल लोकलने यायचं तर कुठल्या स्टेशनला उतरायचं?

---

प्रशिक्षक_खारघर

दादा, असते, रविवारी सकाळी सात वाजता. खारघरलाच उतरा, बाहेर शेअर रिक्षा मिळते. नवीन बूट लगेच घेऊ नका, माझ्याकडे मुलींच्या साइजचे जुने आहेत, आधी त्यात खेळू दे. शिन गार्ड आणि पाण्याची बाटली तेवढी आणा. रिया, ऐरोलीहून तुलाही त्याच लाइनने येता येईल. मोठ्या मुलींमध्ये सध्या नऊच जणी आहेत, तुम्ही दोघी आलात की मला अकरा मिळतील.